अपग्रेडची ब्रँच म्हातारी होऊ नये म्हणून

समजा, बाणेरच्या एका ऑफिसात आठ-दहा जणांची टीम बसते. त्यांचं सॉफ्टवेअर चाकण, भोसरी, तळवडे भागातले वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने वापरतात. ट्रक गेटबाहेर पडायच्या आधी चलन, बिल आणि ई-वे बिल त्यातूनच निघतं. हे सगळं स्प्रिंग बूट २.७ वर, म्हणजे जावा भाषेतल्या एका तयार सांगाड्यावर (फ्रेमवर्कवर), उभं आहे. त्या आवृत्तीचे फुकट मिळणारे अपडेट नोव्हेंबर २०२३ मध्येच बंद झाले, त्यामुळे आज ना उद्या ३ वर जायला हवं, हे सगळ्यांना पटलेलं असतं. जून २०२५ मध्ये एकदाचा मुहूर्त लागतो. ‘अपग्रेड’ नावाची ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, निघते, दोघं तिच्यावर बसतात, बाकीचे मेनवर, म्हणजे मुख्य ब्रँचवर, नेहमीची कामं चालू ठेवतात.

आणि ३ सप्टेंबरला, ऐन गणपतीत, जीएसटी परिषदेचा निर्णय येतो. वाहनांच्या सुट्या भागांवरचा कर सरसकट १८ टक्के, आधी अनेकांवर २८ होता तो. लागू कधीपासून? २२ सप्टेंबर, घटस्थापना. म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाहीत, आणि त्यात विसर्जन. बिलाच्या कोडला हात लावावाच लागणार, तोही मेनवर, कारण प्रॉडक्शनला, म्हणजे कारखान्यांच्या प्रत्यक्ष वापरात, जातं ते मेनवरूनच. इकडे अपग्रेड ब्रँचवर बिलाच्या त्याच फाईली जुलैतच उलट्यापालट्या झालेल्या आहेत. चूक कोणाचीच नाही, तरी या दोन गोष्टी एकत्र आणायला जो बसेल त्याचा आठवडा गेला.

माझं मत आधीच सांगून टाकतो: फ्रेमवर्कचं अपग्रेड हे मुळात ब्रँचवर करायचं काम नव्हे. त्यातलं जेवढं मेनवर, जुन्या आवृत्तीवर असतानाच उरकता येईल तेवढं उरकायचं. ब्रँचवर फक्त उरलंसुरलं न्यायचं, आणि तेही टिकवून ठेवायचं नाही, पुन्हा पुन्हा नव्याने बनवायचं. हे का, आणि कसं, ते बघू.

गिटला काय कळतं आणि काय कळत नाही

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात ब्रँच म्हणजे कोडची दुसरी प्रत नसते. ती एक चिमुकली फाईल असते आणि तिच्यात एका कमिटची, म्हणजे बदलांच्या एका नोंदीची, चाळीस अक्षरी ओळख लिहिलेली असते. बास. लिनस टोरव्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं तेव्हापासून ब्रँच काढणं हे निमिषाचं काम आहे, आणि म्हणूनच ती काढताना कोणी दोनदा विचार करत नाही. खर्च सगळा परत आणताना येतो.

परत आणताना, म्हणजे मर्ज करताना, गिट तीन गोष्टी समोर ठेवतं: तुमची ब्रँच, मेन, आणि दोघी जिथून फुटल्या तो जुना कमिट. लग्नपत्रिकेचा एक कच्चा मसुदा दोन भावांनी घेतला असं धरा. एकाने कर्वे रोडवरचं कार्यालय बदलून सिंहगड रोडवरचं टाकलं. दुसऱ्याने वरचं नाव दुरुस्त केलं. मूळ मसुदा हाताशी असेल तर दोन्ही बदल ओळखून एकत्र करणं सोपं आहे, आणि गिट तेच करतं. दोघांनी कार्यालयाचीच ओळ बदलली तर मात्र गिट हात वर करतं आणि तुम्हाला विचारतं. हा कॉन्फ्लिक्ट. लोक याला घाबरतात, पण हा प्रकार प्रामाणिक आहे, तो निदान दिसतो.

आता दुसऱ्या भावाने नाव सोडून पत्रिकेच्या तळाशी ‘नळ स्टॉप मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटे’ अशी ओळ घातली असती तर? ओळी वेगळ्या, कॉन्फ्लिक्ट नाही, मर्ज झोकात पार. आणि निम्मे पाहुणे भलत्याच कार्यालयात.

अपग्रेडमध्ये खरा मार बसतो तो या दुसऱ्या प्रकारचा. अपग्रेडवाल्यांनी सगळीकडून जुनी पद्धत काढून नवी घातलेली असते. त्याच काळात मेनवर कोणीतरी एक नवीकोरी फाईल लिहितो, अर्थातच जुन्या पद्धतीने, कारण मेनवर तीच चालते. फाईल नवी असल्यामुळे कॉन्फ्लिक्ट येण्याचा प्रश्नच नाही. गिट ओळी जुळवतं. त्या ओळींचा अर्थ त्याच्या गावीही नसतो. बिल्ड, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम बनवणं, फुटलं तर नशीब म्हणायचं. स्प्रिंग बूट ३ मध्ये वेब पत्त्याच्या शेवटी जास्तीची तिरकी रेघ असली तर तो पत्ता मुळात जुळतच नाही, आधीच्या आवृत्तीत जुळायचा. एखाद्या कारखान्याची ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारी) सिस्टीम इतकी वर्षं शेवटी रेघ लावून तुमची एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरसाठीची खिडकी) बोलावत असेल, तर कंपायलर गप्प, टेस्ट हिरव्या, आणि पहाटेच्या पाळीला ४०४, म्हणजे ‘पत्ता सापडला नाही’.

दोन ब्रँच जितक्या लांब गेल्या तितका हा न दिसणारा भाग वाढतो. ब्रँच म्हातारी होते म्हणजे हेच होतं.

‘रोज मेन मर्ज करून घेत जा’

हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरच आहे, पण अपुरा आहे. रोज सकाळी मेनवरचे बदल अपग्रेड ब्रँचमध्ये ओढले तर कॉन्फ्लिक्ट लहान लहान येतात आणि तो बदल करणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर असतो, त्याला विचारता येतं. दीड महिन्याने विचारलं तर त्यालाही आठवत नाही. दिशा मात्र एकच ठेवायची: मेनकडून अपग्रेडकडे. उलटा प्रवास एकदाच, शेवटी.

मर्ज की रिबेस, यावर टीममध्ये चहा संपेपर्यंत वाद होतो. ब्रँचवर एकटेच असाल तर रिबेस करा, इतिहास सरळ राहतो. दोघं-तिघं असाल तर मर्ज. रिबेस म्हणजे जुने कमिट टाकून त्यांच्या जागी नवे बनवणं. तुम्ही ते केलंत की सहकाऱ्याकडची प्रत अनाथ होते. शिवाय रिबेसमध्ये तोच कॉन्फ्लिक्ट एकेका कमिटला पुन्हा भेटू शकतो. त्यावर गिटमध्ये ‘रेरेरे’ नावाची सोय आहे. नाव विनोदी आहे, काम पक्कं: एकदा सोडवलेला कॉन्फ्लिक्ट ती लक्षात ठेवते आणि तसाच पुन्हा आला की जुनंच उत्तर लावते. ही सेटिंग आधीपासून चालू नसते, एकदा चालू करावी लागते. अपग्रेडला हात घालायच्या आधी करून टाका.

एक सापळा सांगायलाच हवा. मेन ओढताना स्क्वॉश मर्ज (सगळे बदल एकाच कमिटमध्ये दाबून आणणारा) कधीही करू नका. स्क्वॉश केलं की बदल येतात, पण ते मेनमधून आले याची नोंद राहत नाही. गिटच्या दृष्टीने दोन्ही ब्रँचचा समान पूर्वज जूनमधलाच राहतो. मग उद्याच्या मर्जला आजचेच कॉन्फ्लिक्ट परत दारात. ‘काल तर सोडवले होते’ असं कोणी म्हणालं की आधी हेच तपासावं.

तरीही, रोज मर्ज करूनसुद्धा, अपग्रेडवाले दोघं बाकी सहा-आठ जणांच्या मागे धावतच राहतात. तिकडे रोज जुन्या पद्धतीचा कोड तयार होतोय आणि इकडे तो बदलला जातोय. हे थांबवायचं तर मेनवरच काहीतरी करायला हवं.

मेनवर काय काय उरकता येतं

बरंच काही. चांगली फ्रेमवर्क एखादी गोष्ट एका रात्रीत काढून टाकत नाहीत. आधी ‘ही जाणार आहे’ असा इशारा देतात, नवी पद्धत शेजारी आणून ठेवतात, आणि पुढच्या एखाद्या आवृत्तीत जुनी उचलतात. मधला काळ असतो त्यात दोन्ही चालतात. आपलं काम त्याच काळात बसवायचं.

आपल्या बाणेरच्या टीमचंच घ्या. स्प्रिंग बूट ३ ला किमान जावा १७ लागतं. पण २.७ सुद्धा जावा १७ वर व्यवस्थित चालतं. म्हणजे जावाचं अपग्रेड हे स्वतंत्र काम झालं. ते मेनवर करायचं, प्रॉडक्शनला न्यायचं आणि दोन आठवडे लक्ष ठेवायचं. काही बिनसलं तर संशयित एकच. जावा आणि स्प्रिंग एकाच रात्री बदलले असते तर कोणाची कॉलर धरायची?

सुरक्षेचा भाग बघा. लॉगिन आणि परवानग्यांसाठी वर्षानुवर्षं सगळ्यांनी जो अ‍ॅडॅप्टर क्लास वापरला, तो स्प्रिंग सिक्युरिटी ६ मध्ये राहिलेला नाही. पण ५.७ मध्ये त्याच्यावर निवृत्तीची नोटीस लागली होती, आणि फिल्टर चेनची नवी पद्धत स्प्रिंग बूट २.७ वर आजही चालते. एवढंच नव्हे, सिक्युरिटीची ५.८ ही आवृत्ती स्प्रिंगवाल्यांनी ६ कडे जाणाऱ्यांना मधला जिना म्हणूनच काढली. म्हणजे परवानग्यांचं सगळं पुनर्लेखन, जे या अपग्रेडमधलं सगळ्यात नाजूक काम आहे, ते छोट्या छोट्या पुल रिक्वेस्टमधून (बदल मेनमध्ये घेण्याच्या विनंत्यांमधून) मेनवर होऊ शकतं. रिव्ह्यू करणाऱ्याला ऐंशी ओळी वाचायला मिळतात. आठ हजार ओळी कोणी वाचत नसतो, खाली जाऊन नुसतं ‘छान’ लिहितो.

तिरक्या रेघेचंही तसंच. तो नियम कडक करणं २.७ वर आजच शक्य आहे. करा, आणि कुठल्या कारखान्याची सिस्टीम ओरडते ते अपग्रेडच्या आधीच कळू द्या.

हे उरकलं की एक कुलूप लावायचं: जुनी पद्धत वापरणारा नवा कोड मेनवर आला की सीआयने, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने, बिल्ड पाडायचं. हे कुलूप नसेल तर सगळी मेहनत गळक्या बादलीत जाते. नोटीस लागलेल्या गोष्टींची पिवळी वॉर्निंग वर्षभर कोणी वाचलेली नसते. लाल झालेलं बिल्ड मात्र पाच मिनिटांत वाचतात.

जँगो हे पायथनचं फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना हे आणखी सोपं आहे, कारण त्यांचे नियम लेखी आहेत आणि पायथनला एक स्विच दिला की दडलेल्या सगळ्या वॉर्निंग बाहेर येतात. अँग्युलर या फ्रेमवर्कवाल्यांनी एका वेळी एकच मोठी आवृत्ती चढायची, अधल्यामधल्या पायऱ्या गाळायच्या नाहीत.

यातलं टोकाचं उदाहरण गिटहबचं, म्हणजे लोकांचा गिटमधला कोड ठेवणाऱ्या साइटचं. त्यांचं स्वतःचं मोठं अ‍ॅप रेल्स या फ्रेमवर्कच्या ३.२ वरून ५.२ वर गेलं ते ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि त्याला दीड वर्ष लागलं. त्या काळात त्यांनी एकच कोड दोन्ही आवृत्त्यांवर सुरू होईल असा ठेवला होता आणि सीआय दोन्हीकडे चालवलं. नव्या आवृत्तीवर फुटेल असा कोड लिहिणाऱ्याला तो लिहितानाच कळत होतं. त्यानंतर ते रेल्सच्या अगदी ताज्या कोडवर दर आठवड्याला जाऊ लागले, म्हणजे ‘अपग्रेड’ नावाचं वेगळं प्रकरणच त्यांनी संपवलं. आपल्याकडच्या सर्व्हिस कंपनीत क्लायंट दर आठवड्याच्या अपग्रेडचे तास मंजूर करेल का, हा प्रश्न वेगळा.

जिथे दोन्ही एकत्र नांदत नाहीत

स्प्रिंग बूट ३ मध्ये एक बदल असा आहे की तो मेनवर आधी करता येतच नाही. ओरॅकलने जावा ईई (मोठ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरसाठीचा जावाचा संच) एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण ‘जावाएक्स’ हे नाव पुढे वापरायची मुभा काही जमली नाही. मग जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजची नावं ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ अशी झाली. स्प्रिंग बूट २.७ ला जुनी नावं हवीत, ३ ला नवी. डेटाबेसच्या प्रत्येक क्लासवर, प्रत्येक व्हॅलिडेशनवर, प्रत्येक फिल्टरवर ही नावं आहेत. शेकडो फाईली, एकाच दिवशी.

बहुतेक टीम काय करतात? ब्रँच काढतात, बदल करतात आणि मग तो शेकडो फाईलींचा ढीग सांभाळत बसतात. रोज मेनवरून कॉन्फ्लिक्ट येतात, बहुतेक फाईलीच्या वरच्या इम्पोर्टच्या (कोणती पॅकेज लागतात ते सांगणाऱ्या) ओळींवर.

ढीग सांभाळूच नका. तो तयार करणारी स्क्रिप्ट सांभाळा.

यांत्रिक बदल स्क्रिप्टने करायचे आणि स्क्रिप्ट मेनमध्ये ठेवायची. अपग्रेडची ब्रँच रोज आजच्या मेनवरून नव्याने काढायची. पहिला कमिट स्क्रिप्टने केलेल्या बदलांचा, त्यात माणसाचा हात नाही. दुसरा आवृत्तीचे आकडे बदलणारा. त्यापुढे हाताने केलेल्या दुरुस्त्या, प्रत्येक वेगळ्या कमिटमध्ये, कालच्या ब्रँचवरून चेरी-पिक करून (तेवढेच कमिट उचलून) आणलेल्या. मेनवर काल कोणी जुन्या नावांनी नवी फाईल लिहिली असेल तर स्क्रिप्ट तिलाही बदलून टाकते. कॉन्फ्लिक्ट उरतात ते फक्त हातच्या कमिटमध्ये, आणि तेही मेनवर आधीच बरंच उरकलेलं असल्यामुळे मोजकेच. हे काम रात्री सीआयला लावता येतं. सकाळी आल्यावर आजचं मेन ३ वर चालतं की नाही याचं उत्तर तयार.

स्क्रिप्ट म्हणजे नुसतं शोधा-आणि-बदला नव्हे, इथे बरेच जण आपटतात. ‘जावाएक्स’ने सुरू होणारं सगळंच बदललेलं नाही. डेटाबेस जोडणीचं एसक्यूएल पॅकेज आणि क्रिप्टो पॅकेज जावाच्या स्वतःच्या पोटात आहेत, त्यांची नावं तशीच राहिली. ट्रान्झॅक्शनचं पॅकेज जकार्तात गेलं, पण त्याच्याच आतलं ‘एक्सए’ जावातच राहिलं. ओपनरीराइट नावाचं मोफत साधन हे भेद जाणतं आणि स्प्रिंग बूटच्या अपग्रेडची तयार रेसिपीही त्याच्यासाठी आहे. ती वापरा, पण एकदा तिचा निकाल डोळ्यांखालून घाला. आणि कोणालाही या कमिटमध्ये ‘जाता जाता’ फॉरमॅटिंग करू देऊ नका. जाता जाता केलेल्या फॉरमॅटिंगमुळे वाया गेलेल्या दुपारींचा हिशेब हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये वाया गेलेल्या संध्याकाळींइतकाच भरेल.

मर्जच्या दिवशी बाकीच्यांचं काय

हा भाग सहसा कोणी सांगत नाही. अपग्रेड मेनमध्ये गेलं, टाळ्या झाल्या, आणि त्याच क्षणी उघड्या असलेल्या सगळ्या पुल रिक्वेस्ट लाल झाल्या. प्रत्येकाच्या ब्रँचवर जुनी नावं, मेनवर नवी. प्रत्येक जण बसून तेच कॉन्फ्लिक्ट सोडवतोय.

स्क्रिप्टचा कमिट निर्भेळ ठेवला असेल तर यातून सुटता येतं. आपल्या ब्रँचवर आधी, स्क्रिप्टचा कमिट येण्याच्या अगदी आधीचं मेन मर्ज करायचं, हे नेहमीसारखंच. मग आपल्या ब्रँचवर तीच स्क्रिप्ट चालवून कमिट करायचं. आता मेनवर स्क्रिप्टने जे केलं ते आपल्याकडेही झालेलं आहे, शिवाय आपल्या नव्या कोडवरही झालंय. म्हणून स्क्रिप्टचा तो एक कमिट ‘अवर्स’ ही पद्धत सांगून मर्ज करायचा, म्हणजे गिट आपला कोड जसाच्या तसा ठेवतं आणि ‘हे घेतलेलं आहे’ एवढी नोंद करतं. त्यानंतर उरलेलं मेन साध्या मर्जने. चार आज्ञा, आणि इम्पोर्टच्या ओळींवरचा एकही कॉन्फ्लिक्ट नाही. ‘अवर्स’ हे धारदार हत्यार आहे हे विसरू नका: भलत्या कमिटवर चालवलं तर समोरच्याचं काम निमूट पुसलं जातं. म्हणूनच त्या पहिल्या कमिटमध्ये माणसाचा हात नको.

दिवस शुक्रवार नसावा आणि महिनाअखेर तर नसावीच, त्या दिवसांत कारखान्यांतून सगळ्यात जास्त माल निघतो. सकाळी दोन तास मेन बंद ठेवा, तेवढं पुरतं. महिनाभर ‘कोड फ्रीज’ जाहीर करणारा मॅनेजर क्लायंटच्या पहिल्या फोनला तो मोडतोच.

मागे फिरायची वाट

मर्ज उलटवायचा असेल तर रिव्हर्ट (आधीचे बदल उलटे करणारा नवा कमिट) आहे, पण त्याची एक खोड आहे. मर्ज रिव्हर्ट केल्यावर बदल जातात, इतिहासातले कमिट मात्र राहतात. आठवड्याने दुरुस्ती करून तीच ब्रँच पुन्हा मर्ज केलीत तर गिट म्हणतं, हे तर माझ्याकडे आहे. फक्त नवी दुरुस्ती येते, मूळ अपग्रेड येत नाही, आणि अर्धवट कोड बघून माणूस चक्रावतो. उपाय दोन. एक म्हणजे रिव्हर्टचाच रिव्हर्ट. दुसरा, रोज नव्याने ब्रँच काढायची सवय असेल तर काहीच वेगळं करायला नको. रिव्हर्ट झालेल्या मेनवरून नवी ब्रँच निघते, स्क्रिप्ट पुन्हा चालते, कमिट नवे असतात, मर्ज सरळ होतो.

डेटाबेसला मात्र रिव्हर्ट नाही. स्प्रिंग बूट ३ बरोबर हायबरनेट ६ (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी) येतं, आणि नोंदींना आपोआप क्रमांक देणाऱ्या सीक्वेन्सचं नाव ठरवायची त्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी सगळ्यांना मिळून एक सामाईक सीक्वेन्स असे, आता प्रत्येक एंटिटीचा (डेटाबेसच्या टेबलशी जोडलेल्या क्लासचा) वेगळा. नव्या आवृत्तीवर दिवसभर बिलं निघाली आणि संध्याकाळी जुनी परत आणली, तर जुनी आवृत्ती आपल्या जुन्या सीक्वेन्सवरून मोजायला लागते आणि तेच क्रमांक पुन्हा वाटायला जाते. म्हणून सीक्वेन्सची नावं कोडमध्ये स्पष्ट लिहून टाकायची, आणि तेही मेनवर, २.७ वर असतानाच. म्हणजे दोन्ही आवृत्त्या एकाच सीक्वेन्सवर चालतात आणि मागे येणं सुरक्षित राहतं.

सगळे कारखाने एकाच दिवशी ३ वर येत नसतील, काहींच्या सर्व्हरवर जुनं अजून चालणार असेल, तर २.७ च्या शेवटच्या रिलीजला टॅग (कमिटवरची कायमची खूण) लावून तिथून एक देखभालीची ब्रँच काढावी लागते. तिच्यावर फक्त दुरुस्त्या जातात, नवं काही नाही. दुरुस्ती आधी त्या जुन्या ब्रँचवर करायची आणि मग पुढे मेनमध्ये मर्ज करायची, कारण उलट दिशेने आणायची तर प्रत्येक वेळी ‘जकार्ता’ची नावं हाताने मागे न्यावी लागतात. करदर बदलासारखा सरकारी निर्णय आला तर तोही याच वाटेने. या ब्रँचला काढतानाच शेवटची तारीख द्यायची आणि ती क्लायंटला ईमेलवर कळवायची. तारीख उलटली आणि शेवटचा कारखाना ३ वर आला की ब्रँच काढून टाका. टॅग राहतो, तेवढा पुरे.